वर्तुळाची कडा : त्वचेच्या सामान्य बुरशीजन्य विकारांच्या ओळखीस प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या औषधविक्रेत्यांकडे 'गोवा पावडर' या नावाचे एक पिवळसर तपकिरी चूर्ण मिळत असे, आणि गजकर्णावरचा हमखास इलाज म्हणून पश्चिम किनाऱ्यावर त्याची मोठी ख्याती होती. चूर्णास नाव गोव्याचे मिळाले असले तरी त्याचा उगम गोव्यात नव्हता. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील अरण्यांत अरारोबा नावाचा एक उंच वृक्ष वाढतो; त्याच्या खोडातील भेगांत व पोकळ्यांत हे द्रव्य साठते, आणि पोर्तुगीजांच्या दर्यावर्दी व्यापारातून ते गोव्यास येऊन तेथून मुंबईच्या बाजारात उतरते, ही हकीकत ते घेणाऱ्यांस व विकणाऱ्यांसही दीर्घकाळ ठाऊक नव्हती. पुढे हे चूर्ण विलायतेस पोहोचले, आणि १८७६ च्या सुमारास लंडनमधील बाल्मानो स्क्वायर या त्वचारोगतज्ज्ञाच्या पाहण्यात असा एक रुग्ण आला, की ज्याच्या अंगावरील चट्टे गजकर्णाचे समजून त्यांवर ते लावण्यात आले होते. चट्टे वस्तुतः सोरायसिसचे होते. तरीही ते ओसरले. या चुकीतून सोरायसिसला एक गुणकारी औषध लाभले, आणि त्याच्याच रासायनिक धर्तीवर १९१६ साली जर्मनीत पुढे आलेले डिथ्रॅनॉल आजही त्वचारोगतज्ज्ञांच्या वापरात आहे.

चुकलेले निदान रुग्णाच्या असे पथ्यावर पडणे हा मात्र निव्वळ योगायोग होता. आज आपल्याकडे घडते ते बहुधा याच्या नेमके उलट. ज्या विकाराची ओळख उघड्या डोळ्यांनी आणि बोटाच्या स्पर्शाने पटावी, तो विकार दुकानातून परभारे आणलेल्या तीन-चार मलमांच्या हाती सापडून वैद्यापुढे येतो तेव्हा इतका विरूप झालेला असतो, की मूळचा विकार कोणता, औषधाने घातलेली भर कोणती आणि खाजवून झालेली इजा कोणती, याचा निवाडा करणे जाणत्यासही कठीण जावे. प्रस्तुत पुस्तिकेचा हेतू थोडक्यात सांगावयाचा तर तो असा, की अंगाला औषधाचे बोट लागण्यापूर्वी चट्ट्याकडे एकवार नीट पाहिले जावे. रोगाची चिकित्सा वैद्याने करावी हे खरे. परंतु रोगाचे रूप वैद्याच्या दृष्टीस पडेपर्यंत शाबूत ठेवणे हे काम ज्याची त्वचा आहे त्याचे, आणि ते करावयाचे तर त्या रूपाचा अर्थ काय हे त्याला काही अंशी तरी ठाऊक असले पाहिजे.

निरीक्षणाची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांनी त्वचेच्या नाना विकारांची गणना 'कुष्ठ' या व्यापक संज्ञेखाली करून त्यांचे सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे असे अठरा भेद मांडले आहेत. त्यांतील दद्रूचे, म्हणजे गजकर्णाचे, वर्णन चरकाने केले आहे ते उंचावलेले, लालसर, खाज सुटणारे व बारीक पुटकुळ्यांनी युक्त असे मंडल म्हणून. सिध्म हे पातळ, पांढरट किंवा तांबूस, भोपळ्याच्या फुलाच्या रंगाचे, बहुधा छातीवर उमटणारे आणि घासले असता धुळीसारखा कोंडा सोडणारे, असे त्याने म्हटले आहे. आजचा त्वचारोगतज्ज्ञ शिबे पाहताना चट्ट्यावरून नखाची कड हलकेच ओढतो आणि भुरकट कोंडा निघतो की नाही हे तपासतो. ही परीक्षा त्या वर्णनाहून फारशी निराळी नाही. मौजेची गोष्ट अशी, की चरकाने दद्रूस क्षुद्रांत व सिध्मास महाकुष्ठांत स्थान दिले, तर सुश्रुताने या दोघांची बरोबर अदलाबदल केली. लक्षणांविषयी एकमत आणि गांभीर्याविषयी मतभेद, असा हा प्रकार असून, ज्यांनी सूक्ष्मदर्शक कधी पाहिला नाही त्या शास्त्रकारांचे डोळे किती सावध होते याची ही साक्षच म्हटली पाहिजे. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेस माजणारा आणि कोवळा असताना भाजीसाठी खुडला जाणारा टाकळा 'दद्रुघ्न' म्हणून निघंटूंत नोंदलेला आहे, हेही येथे सांगितले पाहिजे.

या विकारांचे कारण एक सजीव वनस्पतिसदृश सृष्टी आहे, हा शोध मात्र युरोपातला, आणि तोही जंतुशास्त्राच्या उदयाआधीचा. १८३५ मध्ये इटलीतील अगोस्तिनो बास्सी याने रेशमाच्या किड्यांना पडणारी साथ एका बुरशीमुळे येते असे दाखवून दिले. त्या शोधाने प्रेरित होऊन योहान शोनलाइन याने १८३९ मध्ये डोक्यावर पिवळ्या वाटोळ्या खपल्या धरणाऱ्या फेव्हस या विकारात बुरशीचे तंतू पाहिले. पॅरिसमध्ये राहणाऱ्या डेव्हिड ग्रुबी या हंगेरियन वैद्याने १८४१ पासून पुढील तीन वर्षांत केसांच्या व त्वचेच्या अशा अनेक विकारांचे बारकाईने वर्णन केले. आणि रोबेर्ट रेमाक याने तीच बुरशी स्वतःच्या त्वचेवर रुजवून ती रोगकारक आहे हे सिद्ध केले. रॉबर्ट कॉखने अँथ्रॅक्सच्या जंतूचे कार्य सप्रमाण मांडले ते १८७६ मध्ये. म्हणजे सूक्ष्म जीव माणसास रोग आणतात ही गोष्ट प्रथम ज्या विकारांनी शिकवली त्यांत हा उपेक्षित, किळसवाणा मानला गेलेला डोक्याचा विकार अग्रभागी होता. पुढे रेमों साबुरो याने या शास्त्राची घडी बसवली. त्याचा १९१० चा ग्रंथ आणि त्याच्या नावाने ओळखले जाणारे बुरशी वाढवण्याचे पोषक माध्यम ही त्या परिश्रमांची दोन फळे होत, आणि दुसरे तर आजही प्रत्येक प्रयोगशाळेत नित्य लागते.

आता बुरशी त्वचेत करते काय, हे पाहू. कारण ते उमगल्याखेरीज तिचे रूपही उमगत नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून तो केराटिन या चिवट प्रथिनाने बनलेला आहे. केस आणि नखे हीही त्याच द्रव्याची. गजकर्ण आणणाऱ्या बुरशींना हे केराटिन पचवता येते, आणि म्हणून त्यांचा संसार या मृत थरातच चालतो. खालच्या जिवंत त्वचेत त्या सहसा उतरत नाहीत. परंतु त्यांनी सोडलेल्या द्रव्यांची वर्दी जिवंत त्वचेस पोहोचते, तेथे रक्ताचा ओघ वाढतो, संरक्षक पेशी धावून येतात, पेशींची उत्पत्ती वेगाने होऊन वरचा थर लवकर गळू लागतो, आणि बुरशी जिथे प्रथम रुजली तेथून ती हुसकली जाते. मात्र तोवर तिचे तंतू चहूबाजूंस सरकलेले असतात. डोंगराच्या उतारावर पेटलेला वणवा जसा मागे राख सोडीत कडेकडेने पुढे जातो, तसा हा विकार मध्ये निवळत आणि कडेला भडकत पसरतो. वर्तुळ उमटते ते यामुळे. ते बुरशीने एकटीने काढलेले नसते. बुरशीची आगेकूच आणि शरीराचा प्रतिकार या दोहोंच्या सीमेवर ते उमटते. म्हणूनच गजकर्णाच्या चट्ट्यात पाहावयाचे ते त्याच्या मध्याकडे नव्हे, कडेकडे: ती उंचावलेली आहे काय, लाल आहे काय, तिच्यावर बारीक पुटकुळ्या व कोंडा आहे काय, आणि तिच्या आतील त्वचा काहीशी काळवंडून निवळलेली आहे काय. परीक्षेसाठी कोंडा खरवडावयाचा तोही कडेचाच.

स्थानपरत्वे हे रूप बदलते, आणि पुढील प्रकरणांची मांडणीही त्यामुळे स्थानपरत्वेच केली आहे. धड व हातपाय यांवरील गजकर्ण वर सांगितलेल्या लक्षणांवरून सहज ओळखता येते. जांघेतील गजकर्ण मांडीच्या आतल्या अंगावर अर्धचंद्राकार पसरते, त्याची बाहेरची कडा स्पष्ट असते आणि पुरुषांत वृषणावरील त्वचा बहुधा त्यातून सुटते, ही खूण ध्यानात ठेवण्याजोगी आहे. स्त्रियांमध्ये हा विकार कमरेस, जेथे परकराचा नाडा दिवसभर काचतो आणि घाम मुरतो, त्या पट्ट्यात ठाण मांडून बसतो. मुलांच्या व पुरुषांच्या कमरेचा करदोटा आणि मनगटावरचे गंडेदोरे हेही ओल धरून ठेवीत असल्यामुळे औषध चालू असता ते सोडून ठेवणे इष्ट. पायांच्या बोटांच्या बेचक्यांतील विकार, ज्यास आपण चिखल्या म्हणतो, तो करंगळी व तिच्या शेजारचे बोट यांमधील फटीत प्रथम दिसतो. तेथील त्वचा पांढरी, भिजल्यासारखी होऊन सोलते व खाली लाल, झोंबणारी चीर उघडी पडते. भातलावणीच्या दिवसांत कोकणात, मावळात चिखलात उभे राहणाऱ्यांस आणि दिवसभर बंद बूट घालून पहारा करणाऱ्यांस तो सारखाच ग्रासतो. कित्येकांच्या तळपायावर मात्र पिठूळ कोंड्याचा एक कोरडा थर वर्षानुवर्षे असतो, त्यास खाज नसते, आणि टाचांच्या भेगा म्हणून त्याची बोळवण होते. दोन्ही तळपाय व एकच तळहात असे कोरडे व कोंडाळलेले दिसले, तर तेथे बुरशीची शंका अवश्य घ्यावी.

डोक्याचे गजकर्ण हा मुख्यतः वयात येण्यापूर्वीच्या बालकांचा विकार. केस मुळाशी तुटून काळे ठिपके राहणे, गोलाकार टक्कल पडून त्यावर कोंडा दिसणे, मानेच्या मागे गाठी येणे, ही त्याची लक्षणे होत. चाई पडली असता त्वचा गुळगुळीत व कोंडारहित असते, हा या दोहोंतील भेद. कधी कधी शरीराचा प्रतिकार इतका तीव्र होतो की डोक्यावर मऊ, पूने भरलेला फुगवटा येतो आणि केस ओढताच हाती येतात. त्यास गळू समजून चिरा देणे ही चूक अजूनही घडते. ही सूज कापण्याची नव्हे, पोटात औषध देण्याची आहे. आणि वेळीच योग्य इलाज न झाल्यास तेथे व्रण राहून केस कायमचे जातात. नखांच्या बाबतीत सबुरी लागते. नख पिवळे, जाड, ठिसूळ होणे आणि त्याच्या खाली भुसा साठणे ही खूण खरी; पण सोरायसिसने, घट्ट पादत्राणाच्या दाबाने आणि वयाबरोबरही नखे अशीच होतात, आणि प्रयोगशाळेच्या दाखल्याखेरीज नखाच्या बुरशीचे औषध सुरू करू नये असा संकेत आहे तो त्यामुळेच. हाताचे नख नवे येण्यास सुमारे सहा महिने व पायाच्या अंगठ्याचे नख नवे येण्यास बारा ते अठरा महिने लागतात, त्यामुळे औषध लागू पडले तरी निरोगी नख पुरते दिसण्यास मुदत तेवढीच लागणार.

गजकर्णाच्या बुरशींहून निराळी अशी दोन घराणी येथे सांगितली पाहिजेत. मॅलॅसेझिया ही प्रौढ माणसांच्या त्वचेवर नित्य वास करणारी, तेलावर जगणारी एक यीस्टवर्गीय बुरशी असून उष्ण, दमट हवेत ती माजली की छातीवर, पाठीवर, मानेवर शिबे उठते: फिकट, तपकिरी किंवा गुलाबी असे बारीक चट्टे, एकमेकांत मिसळणारे, खाज नसणारे किंवा अल्प असणारे, घासले की भुरकट कोंडा सोडणारे. शिबे संसर्गाने आलेले नसते, अस्वच्छतेचे फळही नसते. आणि बुरशी नाहीशी झाल्यावरही फिकटपणा कित्येक महिने टिकतो, त्यामुळे औषधाचा उपयोग झाला नाही असा गैरसमज होतो. दुसरी कँडिडा. स्तनांखाली, काखेत, पोटाच्या वळ्यांत, बाळाच्या लंगोटाखाली तिने उमटवलेला चट्टा ओलसर व भडक लाल असतो आणि त्याच्या सीमेबाहेर सुट्या, तुरळक पुटकुळ्या विखुरलेल्या दिसतात. या बाहेरच्या पुटकुळ्या हीच तिची ओळख. दिवसभर पाण्यात हात असणाऱ्या स्त्रियांच्या मधल्या बोटाच्या व अनामिकेच्या बेचक्यात आणि नखांच्या मुळाशीही ती बसते. मध्यम वयात असा विकार वारंवार उलटत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाची पहिली वर्दी अनेकदा त्वचेकडूनच येते.

परंतु ओळखीचा खरा कस लागतो तो साम्याच्या ठिकाणी. वाटोळा दिसला तो प्रत्येक चट्टा गजकर्णाचा नव्हे. नाण्याच्या आकाराचे इसब सर्वत्र सारखेच खरखरीत असते, त्याचा मध्य निवळलेला नसतो. सोरायसिसचे पापुद्रे जाड व रुपेरी असून गुडघे, कोपरे, टाळू ही त्याची आवडती स्थाने. पिटिरियासिस रोझिया या विकारात आधी एकच मोठा चट्टा येऊन नंतर पाठीवर बरगड्यांच्या दिशेने लहान चट्टे उठतात आणि सहा ते आठ आठवड्यांत ते आपोआप मावळतात, त्यामुळे त्या काळात जे मलम हाताशी असेल त्याला फुकटचे श्रेय मिळते. मुलांच्या गालांवर उठणारे फिकट, कोरडे डाग पाहून घरोघर जंताचे औषध दिले जाते. त्या डागांचा जंतांशीही संबंध नाही आणि बुरशीशीही नाही. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा असतो आणि त्यावर कोंडा नसतो. या सर्वांहून महत्त्वाचा भेद कुष्ठरोगाचा. फिकट चट्टा असेल, त्यास खाज नसेल, कोंडा नसेल, आणि डोळे मिटून कापसाचा स्पर्श केला असता तो जाणवत नसेल, तर घटकाभरही न दवडता सरकारी दवाखाना गाठावा. तेथे त्याचे औषध मोफत मिळते, आणि वेळीच घेतल्यास अपंगत्व टळते. ज्या गावात प्रत्येक डाग शिबे म्हणून सोडून दिला जातो, त्या गावात हा रोग निवांतपणे पसरतो.

साम्याने कशी दिशाभूल होते याचा एक जुना दाखला आपल्याच घरातल्या बिब्ब्याचा आहे. इंग्रजी अमलात जांघेच्या गजकर्णाचे खापर साहेबलोक धोब्यावर फोडीत, आणि धुतलेल्या कपड्यांतूनच ते येते असे मानीत. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर व कमरेवर खाजरे, पुटकुळ्यांचे पुरळ उठू लागले तेव्हा बारकाईने तपास झाला, आणि असे आढळले की कपड्यांवर खूण करण्यासाठी धोबी जो बिब्ब्याचा चीक वापरीत, त्याच्या स्पर्शाने तो दाह होत होता. पुरळ खुणेच्या जागी, नेमक्या तेवढ्याच त्वचेवर होते. बुरशीचा तेथे संबंध नव्हता. जागा नीट पाहिली असती तर फैसला पहिल्याच दिवशी झाला असता.

आता आजच्या परिस्थितीकडे वळतो, कारण ही पुस्तिका लिहिण्याची निकड तिनेच उत्पन्न केली. साधारणतः २०१४ च्या आसपासपासून भारतभर गजकर्णाचे स्वरूप पालटत गेले. पूर्वी दोन-चार आठवड्यांच्या मलमाने बरा होणारा हा विकार अंगभर पसरू लागला, कुटुंबेच्या कुटुंबे ग्रासू लागला आणि औषध थांबताच उलटू लागला. यामागे ट्रायकोफायटन वर्गातील एक निराळी जात असल्याचे दिसून आले. तिला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव दिले. टर्बिनाफिन हे औषध बुरशीच्या ज्या विकरावर आघात करते त्याच्या जनुकात बदल झाल्याने या जातीच्या अनेक वाणांवर ते चालेनासे झाले आहे. शंभर वर्षांपूर्वी ट्रायकोफायटन रुब्रम ही जात पूर्वेकडून सैन्यांच्या व प्रवाशांच्या बरोबर पश्चिमेत गेली. तोच मार्ग आता ही जात चालत आहे, आणि अमेरिकेत तिचे पहिले रुग्ण न्यूयॉर्कमधून २०२३ मध्ये जाहीर झाले.

या बदलाला एकच कारण देणे धाडसाचे होईल. परंतु त्यात मिश्र मलमांचा वाटा मोठा आहे याविषयी त्वचारोगतज्ज्ञांत फारसे दुमत नाही. क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन यांसारखे स्टेरॉईड, एखादे बुरशीनाशक आणि एक-दोन जंतुनाशके यांचे मिश्रण एकाच नळीत भरून ते 'सर्व त्वचारोगांवर' म्हणून विकले जाते. ते लावताच खाज थांबते, लाली ओसरते, आणि घेणाऱ्यास वाटते की गुण आला. वस्तुतः स्टेरॉईडने शरीराचा प्रतिकार दडपला जातो. बुरशी मात्र निर्वेध वाढते. कडा हा त्या प्रतिकाराचाच परिणाम असल्यामुळे प्रतिकार दबताच कडा विरते, वर्तुळ पुसट होते, आणि रोग डोळ्यांआड पसरतो. या वेषांतर केलेल्या गजकर्णाचे वर्णन आइव्ह व मार्क्स यांनी १९६८ मध्येच करून ठेवले आहे. मलम मधूनमधून थांबवले व पुन्हा लावले तर वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ उमटते. अशी दुहेरी-तिहेरी मंडले दिसली की रुग्णाने काय लावले असावे हे न विचारताही कळते. भरीस भर म्हणजे त्वचा पातळ होते आणि जांघेत, मांडीवर न मिटणाऱ्या तांबूस रेषा पडतात. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा बाह्य स्टेरॉईड औषधे अनुसूची एचमध्ये आणून त्यांच्या विक्रीस डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची केली. कायदा झाला, त्याचा अंमल दुकानाच्या फळीपर्यंत किती पोहोचला, हे वाचकांपैकी प्रत्येकास अनुभवाने ठाऊक आहे.

रूप असे पुसले गेले तरी पुरावा शिल्लक असतो. कडेचा कोंडा काचेच्या पट्टीवर घेऊन त्यावर दहा ते वीस टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला असता केराटिन विरघळते व बुरशीचे तंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ दिसतात. ही परीक्षा स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे, आणि ज्या त्वचेवर स्टेरॉईड लावले आहे तेथे तर तंतू अधिकच दाट आढळतात. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाच्या नीलातीत दिव्याने काही बुरशी हिरव्या चमकतात, शिबे पिवळसर दिसते, आणि जांघेतील एरिथ्राझ्मा हा गजकर्णासारखा भासणारा जंतुजन्य विकार पोवळ्याच्या रंगाने उजळतो; परंतु आपल्याकडे मुलांच्या डोक्यात सामान्यतः आढळणारी ट्रायकोफायटन व्हायोलेसियम ही जात त्या दिव्याखाली चमकत नाही, त्यामुळे दिवा गप्प राहिला म्हणजे बुरशी नाही असे समजू नये.

चिकित्सेविषयी या पुस्तिकेत मुद्दामच थोडे लिहिले आहे, पण तिच्या इतिहासातील एक धडा विसरण्यासारखा नाही. डोक्याच्या गजकर्णावर पोटातून घ्यावयाचे औषध नव्हते तेव्हा साबुरो व नोआरे यांनी १९०४ च्या सुमारास क्ष-किरणांनी केस गाळण्याची पद्धत बसवली. पुढे इस्राएलमध्ये १९५० च्या सुमारास बाहेरून आलेल्या हजारो मुलांवर ती वापरण्यात आली, आणि त्यांतील अनेकांना उत्तरायुष्यात मेंदूतील व अवटु ग्रंथीच्या गाठींनी गाठले. त्यांच्या भरपाईचा कायदा १९९४ मध्ये करावा लागला. ग्रिसिओफुल्विन १९३९ मध्ये वेगळे काढले गेले होते, परंतु ते पोटातून दिल्यास गजकर्ण बरे होते हे १९५८ मध्ये गिनीपिगांवर दिसले, तेव्हा कोठे क्ष-किरणांची गरज संपली. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्यात तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतील ज्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले, त्या जिवाणूच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. औषधांचा हा वारसा मोठा आहे. तो निष्प्रभ होतो तो औषध अपुरे, अवेळी आणि ओळखीविना घेतल्याने. मलम लावावयाचे ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे त्वचेवरही, आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही वैद्याने सांगितलेली मुदत पुरी होईपर्यंत. घरात आणखी कोणास विकार असेल तर सर्वांनी एकाच वेळी. पंचे, चादरी, अंतर्वस्त्रे प्रत्येकाची निराळी, गरम पाण्यात धुतलेली व उन्हात उलटी वाळवलेली. लसूण ठेचून बांधण्याने त्वचा भाजते, बुरशी तशीच राहते.

पुस्तिकेचा उपयोग कसा करावा याविषयी एवढेच सांगावयाचे, की प्रत्येक प्रकरण वाचताना वाचकाने चार प्रश्न हाताशी ठेवावेत: चट्टा कोठे आहे, त्याची कडा कशी आहे, घासल्यास कोंडा निघतो काय, आणि स्पर्श पूर्ण जाणवतो काय. आशा कार्यकर्तीस, शाळेच्या शिक्षकास, वसतिगृहाच्या अधीक्षकास आणि घरातील जाणत्या माणसास या चार प्रश्नांच्या बळावर बहुतेक सामान्य विकारांविषयी समंजस अंदाज बांधता येईल. लहान मुलाच्या डोक्यातील विकार, नखांचा विकार, मधुमेही माणसाचा कोणताही चट्टा, बधिर चट्टा, आणि ज्यावर आधी मिश्र मलम लावले गेले आहे असा चट्टा, हे पाच प्रसंग मात्र अंदाजाचे नव्हेत, तज्ज्ञाकडे जाण्याचे. आणि जाताना आजवर लावलेल्या प्रत्येक मलमाची रिकामी नळी बरोबर न्यावी, कारण तिच्यावरील बारीक अक्षरांतला तपशील निदानास पुष्कळ मदत करतो. एवढे करूनही ओळख पटली नाही, तर त्यात कमीपणा नाही. अशा वेळी दुकानाची पायरी न चढता चट्टा आहे तसा ठेवून जो वाचक तो जाणत्यास दाखवील, त्याने ही पुस्तिका पुरती वाचली असे मी समजेन.